पीटी स्लॅबची जड यंत्रांसाठी तपासणी

काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या स्ट्रँड (सात तारा पिळून केलेल्या स्टीलच्या दोऱ्या) जॅकने ओढून टोकाच्या अँकरमध्ये वेजने, म्हणजे पाचरींनी, अडकवल्या की जो स्लॅब कायम दाबाखाली राहतो त्याला पोस्ट-टेन्शन्ड किंवा बोलताना नुसतं पीटी स्लॅब म्हणतात. असा फ्लोअर मुळात ऑफिससाठी बांधलेला असतो, मग कधीतरी त्यावर बॅटरी बँक, एमआरआय किंवा फाइलींची सरकती कपाटं ठेवायची ठरतात आणि तपासणीची वेळ येते.

काँक्रीट असं आधीच दाबून ठेवायची कल्पना नेमकी कुणाची यावर एकमत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पी. एच. जॅक्सनने सळ्या आवळून काँक्रीटच्या कमानी करण्याचं पेटंट घेतलं, त्याचं साल काही ग्रंथ १८७२ देतात तर काही १८८६, आणि १८८८ मध्ये जर्मनीत डोअरिंगनेही तसंच काही केलं. १८८० च्या दशकातलं साल मानणं जास्त बरं वाटतं, पण खरं सांगायचं तर ते प्रयत्न फसलेच, कारण साध्या लोखंडात दिलेला थोडासा ताण काँक्रीट आकसण्यात आणि क्रीपमध्ये (कायमच्या वजनाखाली काँक्रीट हळूहळू दबत जातं त्यात) जवळजवळ संपून जायचा. फ्रेंच इंजिनिअर फ्रेसिनेने १९२८ च्या पेटंटमध्ये हाय-स्ट्रेंग्थ तार घेतली म्हणून ताण टिकला. हे नुसतं इतिहास म्हणून नाही, जुना स्लॅब तपासताना पहिला प्रश्न तोच असतो, आज स्ट्रँडमध्ये किती ताण उरलाय?

स्कॅनरने सळ्या मोजून ताकद काढायला गेलं तर पीटी स्लॅब कायम कमकुवतच दिसणार, कारण साध्या सळ्या त्यात मुळात कमी असतात. म्हणून मूळ ड्रॉइंग, स्ट्रँड कुठे कशा बसवल्या ते दाखवणारी शॉप ड्रॉइंग आणि ओढताना त्या किती लांबल्या याची नोंद हे तीन कागद आधी शोधायचे. समजा २०० मिमी जाडीचा स्लॅब आहे, ८ मीटरचा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), दर मीटर रुंदीत ताणाचं नुकसान वजा जाता २८० किलोन्यूटन बल आणि केबलचा, म्हणजे त्याच स्ट्रँडचा, झोल १०० मिमी, तर केबल वरच्या दिशेने साधारण ३.५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. उचलतात, म्हणजे स्लॅबच्या ५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. स्ववजनापैकी ७० टक्के. यंत्र आल्याने हा आकडा काही वाढत नाही, नवीन वजन पूर्णच्या पूर्ण उरलेल्या ताकदीवर येतं, आणि ते कायमचं असलं तर क्रीपमुळे स्लॅब वर्षानुवर्षं थोडा थोडा खाली बसत राहतो.

सरासरीने फसायला होतं. ५ टनाचं यंत्र ८ बाय ८ मीटरच्या पॅनेलवर (चार कॉलममधल्या स्लॅबवर) पसरून धरलं तर जेमतेम ०.८ किलोन्यूटन प्रति चौ.मी., पण त्याच्या २ बाय २ मीटर जागेवर तेच १२.५ होतं. शिवाय चार पायांवर सारखं वजन कधीच येत नाही, फ्रेम कडक असली की ते दोन तिरक्या पायांवरच डुलतं. यंत्र जिथे बसणार ती जागा सगळे तपासतात, पण तिथपर्यंत ते चाकांवर ढकलत न्यायचा रस्ता बऱ्याचदा जास्त वाईट निघतो. कॉलमजवळ ठेवलं तर बेंडिंग (स्लॅबचं वाकणं) कमी पण पंचिंग (कॉलम स्लॅबला भोक पाडून आरपार जाण्याचा धोका) वाढतं, कडेच्या कॉलमपाशी तर जास्तच, आणि पंचिंग फार इशारा न देता होतं.

अनबाँडेड केबल, म्हणजे काँक्रीटला न चिकटता आवरणात मोकळी असलेली, एका ठिकाणी तुटली की तिच्या पूर्ण लांबीतला ताण जातो, ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ लगदा, भरलेली असेल (आणि ग्राउट नीट भरलं असेल) तर थोड्या अंतरावर ती पुन्हा पकड घेते. म्हणून अँकर बोल्टसाठी ड्रिल लावण्याआधी जीपीआरने (काँक्रीटच्या आत बघणाऱ्या रडारने) केबल शोधून फरशीवर खडूने आखून घेतात. अनबाँडेड केबलच्या ताणाबद्दल शंका असेल तर जुना उपाय म्हणजे थोडं काँक्रीट फोडून, आवरण कापून, सातपैकी दोन तारांच्या मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून बघायचा. तार ताणात असेल तर टोक आत शिरत नाही.

लोड टेस्टमध्ये पाण्याच्या टाक्या किंवा वजनं २४ तास ठेवून झुकाव मोजतात, अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या (एसीआय) कोडची जुनी मर्यादा म्हणजे स्पॅनचा वर्ग भागिले जाडीच्या २०,००० पट, वरच्या उदाहरणात १६ मिमी. पंचिंगबद्दल मात्र ही टेस्ट फारसं काही सांगत नाही.

कमी पडलंच तर खालून स्टीलचे बीम, कॉलमला स्टीलचा कॉलर, किंवा यंत्राखाली वजन पसरवणारी फ्रेम.