पेशीश्वसन

अन्नातील, मुख्यतः ग्लुकोजमधील, ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी करून ती एटीपी या रेणूत साठवण्याची सजीव पेशींतील रासायनिक प्रक्रिया. श्वासोच्छ्वास आणि पेशीश्वसन एकच, असा समज सर्रास आढळतो. तो मुळातून सोडायला हवा. नाक, फुप्फुसे नसलेल्या वनस्पतीही रात्रंदिवस पेशीश्वसन करतात. भिजवलेली मटकी फडक्यात बांधून ठेवली आणि मोड आल्यावर गाठोड्यात बोटे खुपसली, तर आत चक्क ऊब लागते. कोंब फुटताना दाण्यातला साठा झपाट्याने खर्च होतो आणि एटीपीत न मावलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

सुरुवात पेशीद्रवात होते. सहा कार्बनी ग्लुकोजचे विघटन होऊन पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू बनतात. यासाठी ऑक्सिजन लागत नाही, पण निव्वळ कमाईही एटीपीच्या २ रेणूंचीच.

पुढचे काम तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म अंगकात, चालते. पायरुव्हिक आम्लापासून झालेले असेटिल को-एन्झाइम ए हे संयुग क्रेब्ज चक्र या अभिक्रियांच्या फेऱ्यात शिरते आणि त्यातला कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मेदाम्लेही तुटून याच वाटेला लागतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये हे चक्र मांडले. १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चक्रात थेट एटीपी थोडेच बनते. खरी मिळकत म्हणजे वाहक रेणूंनी पकडलेले इलेक्ट्रॉन. ते तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील साखळीतून हातोहात पुढे जातात, तेव्हा प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. परत येताना हे प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकराचा (एन्झाइमचा) एक भाग अक्षरशः गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी घडते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये प्रोटॉनांची ही कल्पना मांडली, तेव्हा तिला कडाडून विरोध झाला; १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळाले.

साखळीच्या टोकाला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि पाणी तयार होते. सायनाइड नेमकी हीच पायरी अडवते, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरतात. एका ग्लुकोजमागे एटीपीचे एकूण सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतील ३८ हा आकडा आता मागे पडला आहे.

ऑक्सिजन नसताना यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते, तर जोरात पळणाऱ्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते. माणसाच्या तांबड्या पेशींत तंतुकणिकाच नसतात. अंगभर ऑक्सिजन पोचवणाऱ्या या पेशी स्वतः मात्र त्याविनाच, केवळ ग्लुकोज-विघटनावर जगतात.