श्वासकष्ट, कारण न उलगडलेला

श्वास पुरत नाही अशी सततची किंवा वारंवार येणारी जाणीव, पण छातीचा एक्स-रे, हृदयालेख (ईसीजी) व हीमोग्लोबिन पाहूनही कारण हाती न लागणे. हे रोगाचे नाव नव्हे; तपास कुठवर आला एवढेच त्यातून कळते. कोल्हापूर परिसरात धाप, दम, घुसमट, छाती भरणे हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी येतात आणि बहुतेकांवर ‘दमा’ हा शिक्का बसतो. ‘श्वास तळापर्यंत जात नाही’, ‘छाती आवळते’ आणि ‘पन्हाळ्याच्या चढाला थांबावे लागते’ या मात्र तीन निराळ्या तक्रारी असून त्या तीन निराळ्या दिशांना नेतात.

चरकसंहितेत महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र असे श्वासाचे पाच प्रकार आहेत. त्यांपैकी श्रमाने उद्‌भवणारा व फारसा त्रास न देणारा क्षुद्रश्वास म्हणजेच आजचा कारणाविना श्वासकष्ट, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. संहितेचा काळ वादग्रस्त आहे, तिचा काही भाग दृढबल या नंतरच्या वैद्याने पूर्ण केला. त्यामुळे हे साम्य वर्णनापुरतेच धरणे बरे.

आधुनिक वैद्यकातही या स्थितीच्या मुळाबद्दल एकमत नाही. अमेरिकी वैद्य द कोस्टा यांनी १८७१ मध्ये अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांत धडधड, धाप व छातीदुखी नोंदवली आणि दोष हृदयाकडे दिला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हृदयतज्ज्ञ टॉमस लुईस यांनी तिला श्रमाशी जोडले. १९३७ मध्ये ‘अतिश्वसन’ हे नाव पुढे आले. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते, मुक्त कॅल्शियम कमी होऊन ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून चक्कर येते. साखळी सुबक आहे. पण १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंधळ्या (कोणती हवा दिली जाते हे लपवलेल्या) चाचणीत रुग्णांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळून त्याची पातळी घटू दिली नाही, तरीही अनेकांना तीच लक्षणे जाणवली. म्हणून आता ‘श्वसनपद्धतीतील बिघाड’ ही सैल संज्ञा अधिक पसंत केली जाते. तिच्यासाठी वापरली जाणारी नायमेखेन प्रश्नावली १६ प्रश्नांची, ६४ गुणांची आहे; २३ च्या वर गुण आल्यास शंका बळावते, निदान पक्के होत नाही.

तपासात यंत्रांआधी वेळ विचारावी. खेळाडूला धावण्याच्या ऐन भरात, श्वास आत घेताना, गळ्याशी आवाज करत अडत असेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत मोकळे वाटत असेल, तर स्वरयंत्र आकसण्याचा संशय घ्यावा. व्यायामजन्य दमा बहुधा थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत वाढतो आणि बाहेर सोडताना साँयसाँय होते. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलपटूला केवळ पंप देऊन गुण येत नसेल, तर हा फरक पुन्हा विचारावा. खात्री व्यायाम चालू असताना स्वरयंत्र दुर्बिणीने पाहूनच होते.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकरीतील हवेचे प्रमाण व वेग मोजणाऱ्या चाचणीत, नाकाला चिमटा लावून, ओठ नळीभोवती घट्ट मिटून, एका झटक्यात फुंकर मारायची व ती हवा पूर्ण संपेपर्यंत टिकवायची. तीन बऱ्या फुंकरांपैकी उत्तम दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळाव्यात. ढिली कवळी, खोकला किंवा अर्ध्यात सोडलेली फुंकर असेल तर आकडे खोटे येतात. अहवाल सामान्य आला म्हणजे फुप्फुस निर्दोष असेही नाही: वायू रक्तात शिरण्याची क्षमता वेगळी मोजावी लागते. विश्रांतीत ९८ टक्के दाखवणारा ऑक्सिमीटर ६ मिनिटांच्या चालण्यानंतर खाली येऊ शकतो. त्यातही भट्टीजवळच्या कामगाराच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असेल तर साधे यंत्र फसते व आकडा चांगलाच दाखवते.

कोल्हापुरात व्यवसायाचा प्रश्न वगळून चालत नाही. शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या फाउंड्रींत (ओतशाळांत) वाळू झाडताना व कास्टिंग घासताना उडणारी सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साचत जाते. गाभे (ओतकामात पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे) बनवण्याच्या काही रेझिनांतील आयसोसायनेट या रसायनामुळे दमा होतो आणि तो अनेकदा संध्याकाळी, घरी गेल्यावर भडकतो. अशा वेळी दिवसातून चार वेळा पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवेचा कमाल वेग) मोजून कामाचे व सुटीचे दिवस वेगवेगळे मांडावेत. गुऱ्हाळावरचे चिपाड वाळवून लगेच जाळले जाते. ओल्या गंजीत दीर्घकाळ पडले तर त्यात बुरशीसारखे जंतू वाढतात. अशी गंजी उपसल्यावर ४ ते ८ तासांनी ताप, खोकला व धाप येते, बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. एक्स-रे तोवर निर्विकारच असू शकतो. हा बगॅसोसिस होय.

उपचार कारणानुसार. श्वसनपद्धतीच्या बिघाडात फिजिओथेरपिस्टकडून सराव शिकावा: कोपरे टेकवून बसावे, एक हात पोटावर ठेवावा, नाकाने तीन अंक मोजत आत, चार-पाच मोजत बाहेर, १० मिनिटे, दिवसातून दोनदा, काही आठवडे. खोल श्वास घेण्याची घाई हीच नेहमीची चूक. त्याने मुंग्या वाढतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय टाळावा, कारण खरोखर दमा किंवा हृदयविकार असल्यास प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली जातो. हृदयविकार किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजारात धाप उरलीच, तर छोटा पंखा चेहऱ्यापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर धरून नाक व ओठांवर वारा घेतल्याने काहींना आराम पडतो.