राष्ट्रीय विमा वर्गणी, स्वतंत्र व्यावसायिकांची (ब्रिटन)

स्वतःचा धंदा वा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीने नफ्यावर भरावयाची सामाजिक सुरक्षेची वर्गणी. ती आयकराच्या वार्षिक विवरणपत्रावरूनच आकारली जाते. राष्ट्रीय विमा वर्गणीचे वर्ग पाडलेले आहेत: पहिला वर्ग नोकरदार व मालकांचा, तिसरा ऐच्छिक. स्वतंत्र व्यावसायिकांसाठी दुसरा व चौथा. स्वतःच्या कंपनीतून पगार घेणारा संचालक मात्र पहिल्या वर्गात मोडतो.

या वर्गणीचा उगम नेमका कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात पाहतात. तो कायदा आणणारे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०८ मध्ये जर्मनीला भेट देऊन तेथील विमा पद्धती पाहिली होती, आणि त्यांच्या कायद्यात काही स्वतंत्र व्यावसायिकांना आरोग्यविम्यात स्वेच्छेने सामील होण्याची मुभा होती. तथापि ती योजना मुळात मजुरीवर काम करणाऱ्यांची होती. त्यामुळे सामाजिक विम्याची रूपरेषा मांडणारा बेव्हरिज अहवाल (१९४२) हा उगम मानणे अधिक सयुक्तिक दिसते. लोकसंख्येच्या त्यातील सहा वर्गांपैकी दुसरा स्पष्टपणे नोकरीबाहेरच्या कमावत्यांचा होता. १९४६ च्या कायद्याने, ५ जुलै १९४८ पासून, तो सक्तीने अमलात आला. वर्गणी नफ्यावर अवलंबून नव्हती, ठरावीक होती. दर आठवड्याचे तिकीट टपाल कचेरीतून विकत घेऊन कार्डावर चिकटवावे लागे.

एप्रिल १९७५ मध्ये नफ्याच्या प्रमाणात चौथ्या वर्गाची वर्गणी त्यावर आली. तिच्यातून कोणताही लाभ मिळत नव्हता, आजही मिळत नाही. निवृत्तिवेतनाचा हक्क दुसऱ्या वर्गावरच राहिला. म्हणून चौथ्या वर्गाला विमा म्हणावे की कर, हा वाद सुरू झाला. तिला कर मानणाऱ्यांचा पक्ष सबळ वाटतो. तिच्या विरोधातूनच १९७४ मध्ये स्वतंत्र व्यावसायिकांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. मार्च २०१७ मध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी चौथ्या वर्गाचा दर ९ टक्क्यांवरून वाढवण्याचे जाहीर केले आणि आठवडाभरातच ते मागे घेतले. दुसरा वर्ग रद्द करण्याचा बेतही २०१८ मध्ये सोडला गेला, कारण अल्प नफ्याच्या लोकांना महागड्या तिसऱ्या वर्गाकडे वळावे लागले असते.

२०१५–१६ पासून दुसऱ्या वर्गाची वर्गणीही विवरणपत्रातून घेतली जाऊ लागली. २०२४–२५ पासून तिची सक्ती संपली. त्या वर्षी चौथ्या वर्गाचा दर १२,५७० ते ५०,२७० पौंड नफ्यावर ६ टक्के व त्यापुढे २ टक्के होता. ३०,००० पौंड नफा झालेल्या सुताराला १७,४३० पौंडांवर १,०४५ पौंड ८० पेन्स भरावे लागत. ऑनलाइन विवरणपत्राची व शिल्लक रक्कम भरण्याची मुदत करवर्षानंतरची ३१ जानेवारी. पुढील वर्षाच्या आगाऊ हप्त्यांत चौथा वर्ग धरतात, दुसरा नाही.

२०२४–२५ मध्ये नफा ६,७२५ पौंड वा अधिक असल्यास दुसऱ्या वर्गाची वर्गणी भरली असे मानले जाई. त्याहून कमी नफ्याच्या व्यक्तीला ती स्वेच्छेने, आठवड्याला ३ पौंड ४५ पेन्सने, भरता येई: वर्षाला सुमारे १८० पौंड. तिसऱ्या वर्गातून निवृत्तिवेतनासाठी तेच वर्ष पदरात पाडायला ९०० पौंडांहून अधिक लागत. नव्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी किमान १० पात्र वर्षे (वर्गणी भरलेली वा भरली असे मानलेली) लागतात व पूर्ण रकमेसाठी सामान्यतः ३५. म्हणून तोट्याच्या वर्षातही विवरणपत्रातील ऐच्छिक भरण्याचा रकाना दुर्लक्षू नये. दुसऱ्या वर्गाच्या वर्गणीवर प्रसूती भत्ताही अवलंबून असतो. बेकारी भत्ता मात्र तिच्यातून मिळत नाही.

ब्रिटनमध्ये व्यवसाय करून भारतात परतलेल्यांना हे निवृत्तिवेतन येथे मिळते, पण दरवर्षीची वाढ लागू होत नाही. येथे राहत असेपर्यंत रक्कम सुरुवातीच्या, किंवा ते आधीच सुरू असल्यास ब्रिटन सोडतानाच्या, दरावरच राहते.