मोटार वाहनाचे मालकी हस्तांतरण (भारत)

नोंदणीकृत मोटार वाहन विकल्यावर, किंवा ते अन्य मार्गाने दुसऱ्याकडे गेल्यावर, नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसी) नव्या मालकाचे नाव चढवून घेण्याची प्रक्रिया. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५० आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५५ ते ५७ हे तिचे मुख्य आधार होत. त्यापूर्वीच्या १९३९ च्या अधिनियमात हा विषय कलम ३१ मध्ये येत असे.

विक्री आणि नोंद : विक्री पुरी झाली, पण नोंद बदलली नाही, तर मालक कोण, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. मालविक्री अधिनियम, १९३० नुसार ठरावीक मालाची मालकी पक्षकारांना अभिप्रेत असेल त्या वेळी खरेदीदाराकडे जाते. त्यासाठी सरकारी नोंदीची गरज नसते. कलम ५० देखील हस्तांतरण ‘कळवण्या’विषयी बोलते, म्हणजे ते आधीच घडलेले आहे असे गृहीत धरते. या आधारावर नोंदणी प्रमाणपत्र हा मालकीचा केवळ एक पुरावा होय, असे एक मत आहे. मात्र १९८८ च्या अधिनियमाने मालकाची व्याख्याच बदलली. जुनी व्याख्या अज्ञान (वयाने सज्ञान नसलेल्या) ताबेदाराचा पालक आणि भाडे-खरेदी (हप्ते फेडून वाहन घेण्याच्या) करारातील ताबेदार यांच्यापुरती होती. नवीन कलम २(३०) मध्ये ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक, असे म्हटले आहे. त्यामुळे जुन्या अधिनियमाखालील निवाडे आज जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, एकापाठोपाठ एक अशा अनेक हातांतून गेलेल्या एका मोटारीच्या अपघात प्रकरणात, भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. अपघातग्रस्ताने खरेदीदारांची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. दोघांमधील व्यवहारापुरती मालकी विक्रीने जाते, पण तिऱ्हाइताच्या दृष्टीने ती नोंदीवर ठरते, असा या दोन्ही मतांचा मेळ घालणे अधिक सयुक्तिक वाटते. पैसे घेऊन, किल्ली देऊन मोकळ्या झालेल्या विक्रेत्याच्या दृष्टीने २०१८ चा हा निवाडा फार महत्त्वाचा आहे.

मुदती व नमुने : विक्रेत्याने नमुना २९ (नियमांत ठरवून दिलेला छापील अर्ज) मध्ये खबर द्यायची असते, त्याच राज्यातील वाहनासाठी मुदत १४ दिवसांची, राज्याबाहेरील नोंदणीच्या वाहनासाठी ४५ दिवसांची आहे. खरेदीदाराने आपल्या राहत्या क्षेत्रातील परिवहन कार्यालयाला ३० दिवसांत कळवावे लागते. हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० मध्ये होतो. वाहन परराज्यात जाणार असेल तर कलम ४८ खालील ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ भरून घ्यावे लागते. मूळ मालक मृत असल्यास नमुना ३१, जाहीर लिलावातील खरेदीसाठी नमुना ३२ वापरतात.

कर्ज व विमा : प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा असेल तर कलम ५१ प्रमाणे तिच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरणाची नोंद होत नाही, कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ देऊन बोजा उतरवतात. तृतीय पक्ष विमा (अपघातात इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई देणारा) कलम १५७ मुळे हस्तांतरणाच्या तारखेपासून खरेदीदाराकडे गेला असे मानले जाते, तरी त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करणे आवश्यक असते. खरेदीदाराच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीला मात्र हे कलम आपोआप संरक्षण देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले.

मोटर कॅरव्हॅन : राहण्याची सोय असलेल्या वाहनांबाबत सर्वाधिक अडचण येते ती प्रमाणपत्रावरील बांधणीच्या नोंदीची. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते. परंतु मालवाहू किंवा प्रवासी व्हॅनमध्ये नंतर पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली असेल, तर कलम ५२ खालील बदलाची परवानगी आणि नोंद आहे की नाही हे पाहणे आवश्यक ठरते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितल्यावर या मुद्द्याला धार आली. म्हणून प्रत्यक्ष बांधणी आणि कागद यांतील तफावत विक्रेत्याने व्यवहारापूर्वीच मिटवणे इष्ट होय. पर्यटन व्यवसायातील कॅरव्हॅनला परवाना (परमिट) असेल, तर तो कलम ८२ प्रमाणे परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीनेच दुसऱ्याच्या नावे होतो. वाहनाच्या नोंदीबरोबर तो आपोआप जात नाही.