पाव मिलिमीटर

परळमधल्या एका जुन्या इमारतीत नेमबाजीची दहा मीटरची रेंज आहे. रविवारी सकाळी तिथं क्लबची मॅच होती. मॅचआधी पिस्तूल तपासून घ्यावं लागतं. टेबलामागच्या माणसानं माझ्या पिस्तुलाची नळी छताकडे केली, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवलं आणि हलकेच वर उचललं. वजन उचललं गेलं, ट्रिगर सुटला नाही. पास.

रांगेत माझ्या मागे नववीतली एक मुलगी होती. आदल्या आठवड्यात तिनं मला सराव करताना पाहिलं होतं.

"काका, तुम्ही टार्गेटकडे बघता ना? बघू नका."

"मग कुठं बघू?"

"फ्रंट साइटकडे. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे."

"ते तसंही धूसरच दिसतं गं मला."

ती हसली नाही. मॅचच्या दिवशी ही मुलं हसत नाहीत. पण ती सांगत होती ते साध्या भूमितीचं होतं, आणि मला ते घरी कागदावर आकडे मांडल्यावर नीट कळलं.

एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो. शर्टाच्या बटणाएवढा. छर्रा ४.५ मिमी जाडीचा, आणि त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी पूर्ण दहा गुण. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमी चुकला तरी चालतं. नेम धरायला पिस्तुलावर दोन साइट्स असतात, मागची खाचेची आणि नळीच्या टोकाकडची पुढची, म्हणजेच फ्रंट साइट. पुढची मागच्या खाचेत बसलेली दिसली पाहिजे. आता समजा, दोन्ही एका रेषेत आहेत, पण अख्खा हातच ५ मिमी डावीकडे सरकला. छर्राही ५ मिमी डावीकडे जाईल. दहाच. दुसऱ्या वेळी हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळलं आणि पुढची साइट मागच्या खाचेत १ मिमी डावीकडे गेली. दोन साइट्समधलं अंतर साधारण ३३ सेंमी, टार्गेट दहा मीटरवर. म्हणजे तीसपट. खाचेतला तो १ मिमी टार्गेटवर ३० मिमी होतो, आणि स्क्रीनवर सात उमटतात. उलटा हिशेब केला तर दहात राहायला साइट्समधली चूक जेमतेम पाव मिलिमीटर परवडते.

हात सरकला तर खेळ माफ करतो, वळला तर नाही. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. हात थांबवायच्या मागे लागतो आणि मनगटाकडे त्याचं लक्षच नसतं.

त्यात डोळ्याची अडचण. डोळ्यातलं भिंग एका वेळी एकाच अंतरावर नजर रोखू शकतं. मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही, म्हणून पाव मिलिमीटरचा सवाल जिथं आहे तिथं, पुढच्या साइटवर, नजर ठेवायची. चाळिशीनंतर हे भिंग ताठर होत जातं आणि हातभर अंतरावरची साइटसुद्धा विरघळू लागते. माझ्यासारखे मग नेमबाजीचा वेगळा चष्मा करतात. त्याचा नंबर पुढच्या साइटच्या अंतरासाठी काढलेला असतो, शिवाय समोर बारीक भोकाची झडप लावता येते. भोक बारीक केलं की जवळचं-लांबचं दोन्ही थोडं आवरून दिसतं. डोळे बारीक करून बसचा नंबर वाचतो, तीच युक्ती.

आणखी एक गंमत म्हणजे नेम टार्गेटच्या मध्यावर धरतच नाहीत. टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलावर काळी साइट दिसणार कशी? बहुतेक जण गोलाच्या खाली, पांढऱ्यात साइट धरतात. साइट अशी लावून घेतलेली असते की छर्रा जरा वर, मध्यात लागावा. छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं निघतो आणि ०.०७ सेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला २ सेंमीहून अधिक खाली ओढतं. तेही त्याच सेटिंगमध्ये आलं.

आता ट्रिगर. इथं सगळे मार खातात.

माणसाचा पुढे केलेला हात सेकंदाला ८ ते १२ वेळा थरथरतो. निरोगी माणसाचाही. साइट खाचेत नीट बसलेली दिसली, मेंदूनं 'दाब' म्हटलं आणि बोट हललं, यात साधारण ०.२ सेकंद जातात. म्हणजे हुकूम बोटापर्यंत पोचेस्तोवर हात दोनदा हेलकावून आलेला असतो. जे चित्र बघून दाबलं ते कधीच गेलं. शिवाय घाईनं दाबलेलं बोट सरळ मागे येत नाही, पंजाही आवळला जातो. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी मग बहुधा डावीकडे खाली जाते. म्हणून कोच सांगतात की चित्र बरं दिसायला लागलं की दाब वाढवत राहायचा, आणि गोळी कधी सुटते ते आपल्यालाही नेमकं कळता कामा नये. ऐकायला सोपं आहे. बोटाला मात्र ते मुळीच पटत नाही.

थरथरीच्या जोडीला हृदय. प्रत्येक ठोक्याचा हलका धक्का हातापर्यंत पोचतो, आणि नाव पुकारलं की ठोके वाढतात. ठोके आणि थरथर कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजांना म्हणूनच बंद आहेत, स्पर्धेत आणि एरवीही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूनं पिस्तूलमध्ये एक रौप्य आणि एक कांस्य जिंकलं होतं. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल हे असंच एक औषध सापडलं आणि दोन्ही पदकं गेली.

आमच्या क्लबात एक जण काही वर्षं परदेशात राहून आलेला आहे. तिकडं तो प्रॅक्टिकल पिस्तूलच्या मॅचेस खेळायचा. त्यात पिस्तूल कमरेला असतं, टायमर वाजला की काढायचं, धावत एका जागेवरून दुसरीकडे जायचं आणि वाटेतली टार्गेट्स टिपायची. इकडे बारुदीचं पिस्तूल म्हटलं की परवाना आला, म्हणून तो आमच्यात एअर पिस्तूल घेऊन उभा असतो आणि कंटाळतो. त्या खेळात गुणांना वेळेनं भागतात. १० सेकंदांत ५० गुण घेतले तर भागाकार ५. दुसऱ्यानं ८ सेकंदांत ४४ घेतले तर ५.५, म्हणजे दुसरा पुढे. भूमिती तीच. साइट्समधलं अंतर १६ सेंमी धरा, टार्गेट ८ मीटरवर. खाचेतला १ मिमी तिथं ५ सेंमी होतो, पण सर्वाधिक गुणांचा पट्टाच साधारण १५ सेंमी रुंद असतो. त्यामुळे कुठल्या टार्गेटला किती वेडंवाकडं चित्र चालेल हे ओळखणं हेच तिथलं कसब. त्याच्या मते आम्ही सगळे ध्यानाला बसलेले असतो. दोन्हींच्या मधला प्रकार कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिचा. तिनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. त्यातल्या रॅपिड फेरीत प्रत्येक गोळीला हात खालून वर आणायचा आणि तीन सेकंदांत मारायची.

आम्हाला मात्र ६० गोळ्यांना ७५ मिनिटं. गोळीमागे सव्वा मिनिट म्हणजे चैनच. पण किलोभर वजन लांब केलेल्या हातावर दहा सेकंद धरून बघा. अर्धा श्वास सोडून थांबलात की पहिली काही सेकंदं सगळं निवळत जातं, मग थरथर वाढते आणि नजर एका जागी खिळून साइट पुसट होते. तेव्हा हात खाली घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. हे मला जमत नाही. त्रेचाळिसाव्या गोळीला मी धरूनच राहिलो, 'आता आलं, आता आलं' म्हणत. घामानं ग्रिपमधला हात सरकल्यासारखा वाटला, बोटानं कंटाळून दाबलं, आणि स्क्रीनवर डावीकडे खाली सहा.

शेजारच्या लेनमध्ये त्या मुलीनं तेवढ्यात एका गोळीसाठी चार वेळा हात वर नेऊन चारही वेळा खाली ठेवला होता. पाचव्यांदा मारली. मॅच संपल्यावर तिचे ५६१ होते, माझे ५१२.

पिशवी आवरताना तिनं नवा गृहपाठ दिला. घरी पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, टार्गेट लावायचं नाही, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, आणि ट्रिगर सुटताना पुढची साइट हलते का तेवढंच पाहायचं. आता रोज रात्री जेवणं झाली की मी हॉलमधल्या भिंतीसमोर उभा असतो. परवा आईनं विचारलं, "भिंतीला ओल आली का रे?" दहातून तीनदा साइट अजून डावीकडे उडी मारते.