नाताळात परगावी असलेले आजी-आजोबा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतो आणि तिथून नवीन वर्षापर्यंत घरं लेकी-सुनांनी, नातवंडांनी भरलेली असतात. नेमक्या याच दिवसांत युटा-आयडाहोकडची कितीतरी निवृत्त जोडपी फिलिपिन्सच्या मनिला नाहीतर घानाच्या अक्रासारख्या शहरात, भाड्याच्या घरात असतात. छातीवर काळी नावपट्टी, त्यावर ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ आणि पुढे आडनाव. ही लॅटर-डे सेंट्स चर्चची, म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणतं त्यांची, ज्येष्ठ मिशनरी मंडळी. पगार नाहीच, उलट राहण्या-खाण्याचा खर्च स्वतःच्या पेन्शनमधून.

मॉर्मन मिशनरी म्हटलं की पांढरा शर्ट आणि टाय घालून जोडीजोडीने दारं ठोठावणारी विशीतली पोरं डोळ्यांपुढे येतात. ते चित्र बरंच अलीकडचं. सुरुवात झाली ती संसारी माणसांपासून.

जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन केलं आणि त्याच वर्षी प्रचारक बाहेर पडू लागले. हाताशी होते ते बहुतेक बायकापोरं असलेले शेतकरी आणि कारागीर. १८३७ साली चर्चच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी एक, हीबर किंबॉल, इंग्लंडला गेला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता आणि घर ओहायोत होतं. त्या वर्षीचा नाताळ त्याने प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावात काढला, आणि तोही कामात. ‘कॉकपिट’ नावाच्या, पूर्वी कोंबड्यांच्या झुंजी चालायच्या त्या इमारतीत २५ डिसेंबरला परिषद भरली आणि सुमारे ३०० नवे अनुयायी जमले. घरच्यांना सोडून नाताळ काढण्याचं त्या काळी फारसं कुणाला वाटलंही नसेल. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वळणात वाढलेल्या अमेरिकनांकडे नाताळ आजच्यासारखा घरगुती सण झालेला नव्हता. दुरावा मात्र खराच होता.

सप्टेंबर १८३९ मध्ये किंबॉल पुन्हा निघाला, या वेळी पुढे चर्चचा प्रमुख झालेल्या ब्रिगहॅम यंगबरोबर. दोघेही हिवतापाने फणफणलेले. यंगची बायको मेरी ॲन नुकतीच बाळंत झालेली, मूल दहा दिवसांचं. किंबॉलची बायको व्हिलेट अंथरुणाला खिळलेली. घोडागाडी सुटल्यावर बायकोला धीर यावा म्हणून किंबॉल तापातच उठून उभा राहिला आणि टोपी हलवत जयघोष केला, अशी आठवण चर्चमध्ये पुन्हा पुन्हा सांगतात. सांगणाऱ्यांचा रोख पुरुषांच्या निष्ठेवर असतो. मला विचाराल तर मिशन त्या दोघींनीही केलं, फक्त त्यांच्या छातीवर पट्टी नव्हती.

जोडीने जाण्याचं एक जुनं उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियातलं आहे. ॲडिसन प्रॅट १८४३ मध्ये निघाला आणि टुबुआई बेटावर रमला. मागे त्याची बायको लुईझा चार मुलींना घेऊन बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर युटापर्यंत पोहोचली. तो परतला आणि पुन्हा निघाला, तेव्हा १८५० मध्ये तिलाही रीतसर नेमणूक मिळाली. ती मुलींसह टुबुआईला गेली आणि तिथल्या बायकांमध्ये काम करू लागली. पण असं उदाहरण विरळाच. याच दशकात मुंबई-पुण्यालाही या चर्चचे लोक येऊन गेले. ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुण्यातही राहिला. त्याला ऐकणारे मुख्यतः छावणीतले इंग्रज होते, मराठी माणसांपर्यंत तो फारसा पोहोचला नाही. काही वर्षांतच तो प्रयत्न आटोपला.

पुढे विसावं शतक उजाडेपर्यंत बापमाणसांना घरातून उचलणं कमी होत गेलं आणि तो भार अविवाहित तरुणांवर गेला. १८९८ मध्ये इनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या अविवाहित मुली इंग्लंडला गेल्या आणि स्त्रियांसाठीही दार उघडलं. मग संसारी माणसं, तीही म्हातारपणी, या कामात परत आली कशी? माझ्या मते, धर्मशास्त्रापेक्षा पेन्शन, विमान आणि वाढलेलं आयुष्य यांनी त्यांना परत आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर चर्च अमेरिकेबाहेर जोमाने पसरलं. नव्या गावातल्या पाच-पन्नास अनुयायांना एकोणीस वर्षांच्या मुलापेक्षा हिशेब ठेवणारं, रुसवेफुगवे मिटवणारं, चार पावसाळे जास्त पाहिलेलं कुणीतरी हवं होतं.

भारतातली एक गोष्ट तर थेट डिसेंबरातलीच आहे. एडविन आणि एल्सी धर्मराजू हे मूळचे हैदराबादचे. सामोआत असताना ते या चर्चमध्ये आले. १९७८ च्या डिसेंबरात त्यांना थोड्या दिवसांच्या मिशनवर पाठवलं गेलं, तेही हैदराबादलाच. नात्यातल्या वीस-बावीस जणांचा बाप्तिस्मा त्याच महिन्यात झाला. बाकीची जोडपी सणाला घर सोडून जातात, हे जोडपं सणाला घरी आलं.

२००१ च्या एप्रिलमधल्या भाषणात चर्चचे एक नेते रॉबर्ट हेल्स यांनी जोडपी का कचरतात याची चार कारणं मोजून सांगितली: भीती, कुटुंबाची काळजी, योग्य काम मिळेल का ही शंका, आणि पैसा. सप्टेंबर २०११ पासून नियम सैल झाले. सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने अशी मुदत निवडता येऊ लागली. मायदेशाबाहेर असणाऱ्यांना राहत्या जागेचा खर्च त्या वेळी दरमहा १,४०० डॉलरपर्यंतच सोसायचा होता, वरचा भार चर्चचा. घरातल्या अगदी महत्त्वाच्या प्रसंगासाठी स्वखर्चाने सात ते दहा दिवस जाऊन येण्याचीही मुभा मिळाली. चर्चने इथे भक्तीची परीक्षा न वाढवता व्यवहार पाहिला, हे मला शहाणपणाचं वाटतं.

तरुणांची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०१९ पर्यंत त्यांना घरी फोन करायचा तो नाताळाला आणि मदर्स डेला, मग आठवड्यातून एकदाची परवानगी आली. ज्येष्ठांवर असं बंधन नव्हतं. त्यामुळे डिसेंबरात मिशनच्या ऑफिसात घरची आठवण काढून गप्प बसलेल्या पोरांना सांभाळणं हेही या जोडप्यांच्याच वाट्याला आलं. पोरांचे पत्ते सारखे बदलतात, म्हणून आईवडील पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतात. मग टेबलाखाली, कपाटावर, जिन्यात खोकीच खोकी. यादीवर एकेक नाव खोडायचं, कस्टमचे कागद लावायचे, कुणाचं खोकं आलंच नाही हे वेळेत हेरून त्याच्यासाठी काहीतरी जमवायचं. फिलिपिन्समध्ये तर सप्टेंबरपासूनच नाताळाची गाणी लागतात, म्हणजे घरची आठवण चार महिने कानावर.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे साठीपुढच्यांना मायदेशी बोलावून घेतलं आणि त्या वर्षी ऑफिसांतला हा हात गेला. त्यानंतरही चणचण राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चर्चचे नेते रोनाल्ड रॅसबँड यांनी ज्येष्ठांना पुन्हा जाहीर साद घातली. अर्जात पसंती कळवता येते, अखेरची नेमणूक मात्र चर्चची. जानेवारीत निघून सहा महिन्यांत परतलं तर एकही नाताळ बुडत नाही. अठरा महिन्यांत निदान एक जातोच. तेवीस महिन्यांचं गणित मजेशीर आहे: जानेवारीच्या सुरुवातीला निघालेलं जोडपं पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला मोकळं होतं, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं देऊनही घरचा एकच नाताळ हुकतो. जुलैत निघालेल्यांचे मात्र दोन.