इंजिनाजवळच्या एक्झॉस्ट भागांची गंजसफाई

मोटारीच्या बॉनेटखाली धूर वाहून नेणाऱ्या भागांवरचा गंज काढून त्यांवर उष्णता सोसणारा रंग बसवण्याचे काम. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र करून नळीत सोडणारा भाग), त्याखालची नळी, टर्बो असल्यास टर्बाइनचे कवच, पत्र्याची हीट शील्ड आणि हे सगळे धरून ठेवणारे स्टड (डोके नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) व नट एवढे भाग यात येतात.

मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा असतो आणि पुष्कळदा बिनरंगाचाच बसवलेला असतो, त्यामुळे नव्या गाडीतही तो लवकर तांबूस पडतो. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना धुराचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. इतक्या तापात साधा रंग जळून जातो. गाडी थंड झाली की उघड्या धातूवर दमट हवेतले पाणी बसते आणि गंज धरतो. पुढच्या वेळी धातू तापून प्रसरण पावला की गंजाचे पोपडे सुटतात व खालचा ताजा धातू उघडा पडतो. तरीही बिडाची भिंत जाड असल्याने हा गंज सहसा वरवरचाच असतो. खरा धोका बारीक स्टडना आणि पातळ पत्र्याला असतो, म्हणून कामाची आखणी त्यांच्यापासून करावी.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडावी. नटांवर गंज सैल करणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी पुन्हा टाकावे. सहा कोनी सॉकेटच वापरावे, बारा कोनी सॉकेटने गंजलेला नट गोल होतो. नट आधी किंचित आवळावा, मग पाव फेरा सोडावा, पुन्हा आवळावा. कुरकुरत का होईना, नट हलत असेल तर काम ठीक चालले आहे. पाना मऊ, रबरासारखा फिरतोय असे हाताला जाणवले, तर नट जागेवरच आहे आणि स्टड पिळतो आहे. तिथे जोर लावला की तो तुटलाच. अशा वेळी फक्त नट तापवावा, पण आधी तेल पुसून घ्यावे आणि जवळच्या इंधननळ्या, वायरिंग व प्लास्टिक यांना झळ लागणार नाही हे पाहावे. नटाबरोबर अख्खा स्टड बाहेर आला तर त्यात नुकसान नाही. स्टड हेडशी (मॅनिफोल्ड ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाशी) सपाट तुटला, तर त्यावर नवा नट वेल्ड करणे हा चांगला उपाय. वेल्डिंगच्या उष्णतेने आटेही सैल होतात.

ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आधी काढून बाजूला ठेवावा. त्याच्या टोकावर ॲसिड किंवा सिलिकॉनचा फवारा पडू देऊ नये, सिलिकॉनने सेन्सर निकामी होतो. हेडमधली एक्झॉस्टची तोंडे कापडाने बंद करावीत.

सुटा मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशने घासावा. ब्रश ग्राइंडरवर लावणार असाल, तर सुटलेल्या तारा जोरात उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. कोपऱ्यांतल्या गंजासाठी सायट्रिक ॲसिड चांगले. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून भाग काही तास बुडवावा आणि मधूनमधून पाहावा. बाहेर काढल्यावर बिडावर काळी साय दिसते, ती ब्रशने निघते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने वाळवावे, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस थर चढतो. उच्च ताकदीचे पोलादी स्टड ॲसिडात घालू नयेत, ते ठिसूळ होऊ शकतात. तसेही गंजलेले स्टड बदललेलेच बरे.

गंजाचे काळ्या थरात रूपांतर करणारी द्रावणे इथे फारशी उपयोगी नाहीत. त्यांतला चिकट अंश उष्णतेने जळतो आणि वरचा रंगही सुटतो. जस्ताच्या प्रायमरचेही तेच, कारण जस्त ४१९ अंशांवर वितळते.

हीट शील्डचा पत्रा अनेकदा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला असतो. तो ग्राइंडरने चकाचक केला की मुलामा जातो आणि पत्रा पूर्वीपेक्षा लवकर कुजतो, त्यामुळे हलक्या हाताने घासणे पुरे. बोल्टच्या भोकाशी पत्रा खाल्ला गेला असेल तर मोठा वॉशर घालावा. जुन्या गाडीच्या शील्डमध्ये किंवा गॅस्केटमध्ये (जोडात धूर निसटू नये म्हणून घातलेल्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, असे भाग कोरडे घासू नयेत. स्टेनलेस स्टीलच्या नळीवरची पिवळी-निळी झाक हा गंज नव्हे. तिला साधा पोलादी ब्रश लावला तर लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तेच पुढे गंजतात, म्हणून ब्रशही स्टेनलेसचाच हवा.

रंगाआधी मॅनिफोल्डला तडा आहे का ते पाहावे आणि जोडाच्या पृष्ठभागावर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) वाक मोजावा. किती वाक चालतो ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. मग थिनरने तेल पुसून ६०० अंशांपुढची उष्णता सोसणारा रंग दोन-तीन पातळ हातांत द्यावा. जाड हात दिला तर आतला थिनर अडकतो आणि तापल्यावर फोड येतात. जोडाच्या पृष्ठभागावर व आट्यांवर रंग नको. हा रंग भाजल्याशिवाय पक्का होत नाही, तोपर्यंत तो थिनरच्या बोळ्यानेही निघतो. डब्यावर दिलेल्या टप्प्यांप्रमाणे तापवावे. साधारण क्रम १२०, मग २००, मग ३१५ अंश, प्रत्येकी अर्धा तास आणि मध्ये थंड होऊ देणे असा असतो. या वेळी धूर व वास येतो, त्यामुळे स्वयंपाकाची भट्टी वापरू नये.

बसवताना गॅस्केट नवेच घ्यावे. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावले तर घर्षण कमी होते आणि त्याच टॉर्कला स्टडवर जास्त ताण येतो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की वंगण लावलेल्या, हे आधी पाहावे. गार इंजिन सुरू करताच टिकटिक ऐकू आली आणि तापल्यावर थांबली, तर जोडातून धूर निसटतो आहे. दोन-चार दिवसांनी त्याच जागी काजळीची काळी रेघ दिसते.